नांगरावरची मागची बैठक

किलमोना, वेक्सफर्ड, आयर्लंड
६ ऑक्टोबर १९८७

प्रिय डेक्लन,

आम्ही इकडे ठीक आहोत, तूही तिकडे ठीक असशील. पत्राची सुरुवात अशीच करायची, असं शाळेत आपल्या दोघांना एका बाकावर बसवून शिकवलं होतं. पुढे काय लिहायचं ते मात्र कुणी शिकवलं नाही. नंतर तुझ्या भावाशी लग्न करून मी तुझी वहिनी झाले, पण तुला अहो-जाहो करणं काही मला जमलं नाही.

बटाटे काढून झाले. निम्मे डुकरांच्याच लायकीचे निघाले. फादर केओंचं प्रवचन दर रविवारी थोडं थोडं वाढतंय, आणि मॉसी रेडमंड अजून बोहल्यावर चढलेला नाही. शेजारच्या घरात एकटाच राहतो आणि जेवायच्या वेळेला बरोबर आमच्या दारात उगवतो.

खरी बातमी अशी की फिन्टनने नांगर बाहेर काढलाय. तुमच्या वडिलांचा, दोन फाळांचा. इतकी वर्षं तो कोठारामागच्या काटेरी झुडपांत पडून होता. सांगाड्यातून चांगलं मनगटाएवढं झाड उगवलं होतं. मॉसी करवत घेऊन आला आणि म्हणाला, "फिन्टन, माझं ऐक. झाड ठेव आणि नांगर तोड. झाडाला निदान फुलं तरी येतात." फिन्टन हसला. हल्ली तो फारसा हसत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

बोल्ट डिझेलमध्ये बुडवून ठेवलेत, काही तापवून सोडवलेत. माती उलटवणारे ते दोन वाकडे पत्रे मी विटकरीने आणि वाळूने घासतेय. हो, मीच. फिन्टन उलट्या बादलीवर बसतो आणि काठीने दाखवतो. "डावीकडे फिरव. तुझं डावं नव्हे गं, नांगराचं डावं!" आरशासारखे चकचकीत झाले, म्हणून आम्ही खुशीत आत जाऊन डुकराचं मांस आणि कोबी जेवलो, आणि पत्र्यांना ग्रीस चोपडायचं दोघंही विसरलो. सकाळी पाहतो तर सगळं पुन्हा तांबूस. मी सासऱ्यांच्या नावाने दोन शब्द बोलले आणि पुन्हा वीट हातात घेतली.

फेब्रुवारीत नांगरटीच्या स्पर्धा आहेत. जुन्या यंत्रांचा वेगळा गट असतो, त्यात त्याने नाव दिलंय. पण या नांगराला दोन माणसं लागतात, हे तुला मी काय सांगू? एक पुढे ट्रॅक्टरवर, दुसरा मागच्या लोखंडी बैठकीवर, दांडे सांभाळायला. ती बैठक तुझी होती.

हे लिहिताना मला तो स्पर्धेचा दिवस आठवत नाहीये असं समजू नकोस. मी बांधावर चहाची किटली घेऊन उभी होते. शेवटच्या तासाला, शेवटची चर पाडताना, नांगर उथळ उचलायचा होता, तो खाली घुसला आणि तुमचं पहिलं बक्षीस मातीत गेलं. फिन्टन ट्रॅक्टरवरून उतरला आणि सगळ्या गावासमोर तुला म्हणाला, "झोपला होतास का? सकाळीच बाटलीला लागलास?" आईला दिलेल्या शब्दाखातर तू दारू सोडली होतीस. शपथेचा बिल्ला तुझ्या कोटावर होता आणि तिथल्या प्रत्येकाला तो दिसत होता. तू बैठकीवरून उतरलास आणि चालू लागलास. आठवड्यात बोटीत बसलास आणि इंग्लंडात कॉव्हेंट्री गाठलीस. एका वाकड्या तासापायी एकोणीस वर्षं! दोघंही सारखेच हटवादी.

त्याचा खोकला जात नाही. थंडीचा असेल. त्याच्या विजारी मी कमरेत आत घेतल्यात.

यायचं असेल तर नाताळच्या आत ये. फेब्रुवारीपर्यंत थांबू नकोस.

तुझी,
नुआला

---

किलमोना
२९ डिसेंबर १९८७

प्रिय डेक्लन,

तुझं नाताळचं कार्ड मिळालं. वर मेंढ्या आहेत, आत तुझं नाव आहे, आणि "कामामुळे जमत नाही" असं आहे. मेंढ्या छान आहेत.

आता सरळ लिहिते, कारण आडवळणाने लिहून काय मिळालं ते पाहिलं. फिन्टनच्या फुप्फुसात कॅन्सर आहे. ऑगस्टपासून आम्हाला माहीत आहे. वसंत ऋतू तो बघणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. आत त्याला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. आम्ही दोघं एकमेकांशी त्यावर काही बोलत नाही. नांगराबद्दल बोलतो.

नांगर साफ करणं वेगळं आणि तो लावणं वेगळं, हे मला आता कळलं. कापणारी चकती फाळाच्या टोकापासून अंगठाभर बाहेर हवी. चाक तासाच्या तळाशी नीट बसलं पाहिजे. दोन्ही तास एका खोलीचे यायला हवेत, नाहीतर एक वरंबा डोंगर आणि दुसरा खड्डा. दिवसभरात एक गोष्ट जुळवली की दुसरी बिघडते. मी वैतागले की तो म्हणतो, "चिडू नकोस गं, नांगराला कळतं." आणि मग श्वास घ्यायला थांबतो.

या महिन्याच्या सुरुवातीला उताराच्या वावरात आम्ही पहिला फेरा काढला. तो ट्रॅक्टरवर, पायावर घोंगडी. मागच्या बैठकीवर मी, कारण दुसरं कोण होतं? मॉसीला सांगितलं असतं तर तो बसला असता, पण फिन्टन म्हणाला, त्या जागेवर घरचंच माणूस बसेल.

तिथे वावराच्या टोकाला एक गोष्ट घडली. तिच्यामुळे त्या एकोणीस वर्षांपूर्वीच्या दिवसाचा अर्थच बदललाय. ती काय, ते मी लिहिणार नाही. त्याने मला तुमच्या आईची शपथ घातलीय. म्हणाला, "मी त्याच्या तोंडावर बोललो होतो, तोंडावरच मागे घेईन. पत्रातून मागितलेल्या माफीला काय किंमत?" मी म्हटलं, पत्रातून मागितलेली माफी न मागितलेल्या माफीपेक्षा बरी. तो म्हणाला, "नुआला, तू गप्प बस." तो माणूस मरायला टेकलाय, तेव्हा मी गप्प बसले.

पण त्याने मला पत्र लिहायला मनाई केलेली नाही. म्हणून एवढंच लिहिते. त्याला तुझी क्षमा मागायची आहे, आणि त्याला ती समोरासमोर मागायची आहे. रोज सकाळी दाढी करताना तो आरशासमोर एक वाक्य पुटपुटतो. मी स्वयंपाकघरात सोडा-ब्रेडचं पीठ मळत असते आणि मला सगळं ऐकू येतं. दाढी संपायच्या आत त्याला दम लागतो, मग उरलेली अर्धी मी करून देते.

रॉसलेअरच्या धक्क्याला बोट सकाळी लागते. मॉसी गाडी घेऊन येईल. कपडे आणायचे नसतील तर नको आणूस, त्याचे घाल, आता त्याला सगळेच मोठे होतात.

डेक्लन, ये रे.

नुआला

---

किलमोना
१ मार्च १९८८

प्रिय डेक्लन,

फिन्टनला शेवटचं पोचवायला तू आला होतास, हे मला कळलं. मॉसीने तुला पाहिलं. चर्चमध्ये सगळ्यात मागे, पवित्र पाण्याच्या कुंडाशेजारी, टोपी हातात धरून. म्हणाला, केस पांढरे झालेत आणि कोटावर तोच बिल्ला आहे. प्रार्थना संपल्यावर मी गर्दीतून मागे येईपर्यंत तू नव्हतास. दुपारची बोट तू पकडली असणार.

तू का निघून गेलास, यावर मी फार विचार केला. स्पर्धावाल्या मंडळींनी शवपेटीपुढे त्याचा ट्रॅक्टर लावला होता, त्यामागे नांगर, निळा रंग दिलेला, आणि मागची बैठक रिकामी. इथे नांगरटीतला माणूस गेला की असं करतात, ते तू पाहिलेलं आहेस. बैठकीवर कुणी बसायचं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, ज्याची आहे त्याच्यासाठी ठेवा. मला वाटलं होतं, ते तुझ्यासाठी आमंत्रण होईल. पण तू फाटकातून बाहेर पडताना तो नांगर बघितला असशील, आणि तुला वाटलं असेल, तो मेल्यावरही हे लोक मला तेच दाखवतायत. तसं वाटलं असेल तर ते माझ्या मनात नव्हतं. देवाशपथ नव्हतं.

आता शपथ ज्याने घातली तो राहिला नाही. ऐक.

त्या दिवशी वावराच्या टोकाला तो ओरडला, "ओढ!" मी ओढला. नांगर उचलायचा दांडा वर आला. दांडा अडकवून धरणारी खिट्टी दात्यात बसल्याचा खट्ट आवाज मी या कानांनी ऐकला. पुढच्याच क्षणी दांडा हातातून निसटून खाली गेला आणि नांगर मातीत घुसला. फिन्टन मागे वळून खेकसला, "झोपलीस का गं? सकाळीच बाटलीला लागलीस?"

तेच शब्द. त्याच्याही ते लक्षात आलं, कारण त्याचं तोंड उघडंच राहिलं.

मी म्हटलं, "सकाळपासून दोन कप चहा झालाय आणि मी वेळेवर ओढलाय."

तो कसाबसा खाली उतरला. मला पुन्हा ओढायला लावलं, पुन्हा सुटला. मग त्याने खिशातला चाकू काढून दात्यांच्या कमानीवरचं वंगण खरवडलं. सगळा नांगर आम्ही घासून कोरा केला होता, तेवढी ती जागा सोडून. तिथलं वंगण जुनं आहे, चांगलं मुरलंय, राहू दे, असं तोच म्हणाला होता. तुमचे वडीलही तसंच म्हणायचे. त्याखाली खिट्टीचं टोक तुटलेलं निघालं. नखाएवढा तुकडा. तुटलेली कड काळी पडलेली, म्हणजे केव्हाचीच. हलक्या मातीत ती खिट्टी धरायची. चिकट, जड माती आली की सोडायची. हातात घेऊन बघितल्याशिवाय कुणालाही कळलं नसतं.

तो बांधावर बसला. चाकू विजारीला पुसून मिटला. मग म्हणाला, "त्याने वेळेवर ओढला होता." आणि रडला. पन्नाशी उलटलेला माणूस त्या थंडीत बांधावर बसून रडत होता, आणि मला काय करावं ते कळेना, म्हणून मी ट्रॅक्टर बंद केला.

आरशासमोरचं वाक्य हेच होतं. "डेक्लन, तू वेळेवर ओढला होतास. चूक माझी होती." त्यापुढचं त्याला कधी जमलं नाही.

नवीन वर्ष लागल्यावर तो अंथरुणातून उठला नाही. प्रत्येक मोटारीच्या आवाजाला खिडकीकडे बघायचा. शेवटच्या आठवड्यात दुखणं थांबवायचं औषध एवढं देत होते की त्याला माणसं ओळखू येईनात. मला तो कधी आई म्हणायचा, कधी नर्स. जायच्या आदल्या दुपारी मॉसी आला, बोटीवरून आल्यासारखा, गार वारा लागून लालबुंद झालेला. फिन्टनने डोळे उघडले आणि त्याचा हात धरला. म्हणाला, "आलास डेक्लन? ऐक. तू वेळेवर ओढला होतास. चूक माझी होती. मला माफ कर."

पुढचं वाक्य त्याला जमलं. तुझ्यासमोर, असं त्याला वाटलं, म्हणून जमलं.

मॉसीने माझ्याकडे बघितलं. एकोणीस वर्षांपूर्वी बांधावर तोही होता, त्यानेही ते ऐकलं होतं आणि इतकी वर्षं तो त्यावर कधी बोलला नव्हता. मी काही खूण केली नाही. मॉसी खाली वाकला आणि म्हणाला, "ते केव्हाच गेलं रे, फिन्टन. मी कधीच माफ केलंय. तू झोप आता." फिन्टन झोपला. सकाळी गेला.

तेव्हापासून मॉसी जेवायला येत नाही. मी ताट घेऊन त्याच्या घरी गेले तर दारातच म्हणाला, "नुआला, ती माफी माझी नव्हती द्यायला. मी दुसऱ्याची वस्तू देऊन टाकली."

मी ताट त्याच्या उंबऱ्यावर ठेवून परत आले. त्याला उत्तर तूच देऊ शकतोस. तुझ्या नावाने, तुला न विचारता, तुझ्या भावाला माफ केलं गेलंय, आणि तो ते खरं समजून गेला. तुझ्या मनात ते नसेल तर तसं लिही, मी तुला दोष देणार नाही, एकोणीस वर्षं तू भोगलीस. आणि असेल तर मला लिहू नकोस. मॉसीला लिही.

तुझ्या भावाची बायको,
नुआला