होतकरू वकिलांस चार गोष्टी

१२ जुलै १९६९
हेडमास्तर श्रीधर बोकारे स्वतः घरी आले. त्यांच्या अकरावी मॅट्रिकच्या सत्तावीस मुलामुलींना म्हणे वकील व्हायचंय. मी मार्गदर्शन करावं. नागपुरात एवढे वकील, पण पायऱ्या चढले ते माझ्याच. चहा देताना कौशल्येनं विचारलं, "आधी कोणाकोणाकडे जाऊन आले?" मास्तरांना एकदम ठसका लागला. माझ्या बायकोला कोणता प्रश्न केव्हा विचारावा हे बावीस वर्षांत कळलेलं नाही.
संकल्प: नुसतं भाषण नाही, पुस्तिकाच काढायची. 'होतकरू वकिलांस चार गोष्टी.' रोज दोन पानं. महिनाअखेर प्रेसमध्ये.

२१ जुलै
भाषण झालं. दीड तास. माणूस आजच सकाळी चंद्रावर उतरला, त्यामुळे पोरांचं लक्ष स्टाफरूममधल्या रेडिओकडे. तरी पकड सुटू दिली नाही. इंग्रजी सुधारा, रोज पेपर वाचा, पक्षकाराचं म्हणणं पूर्ण ऐका आणि वेळ पाळा. (पोचायला अर्धा तास उशीर झाला, पण तो सायकलमुळे.)
शेवटी प्रेमिला नावाच्या मुलीनं विचारलं, ज्याच्याजवळ द्यायला काही नाही त्याची केस वकील घेतात का? म्हणालो, खरा वकील तीच आधी घेतो. टाळ्या. वाक्य पुस्तिकेत घालायचं.

२२ जुलै
पेपरात माझ्या भाषणाची एक ओळ नाही. सगळी जागा चंद्रानं खाल्ली.

३ ऑगस्ट, रविवार
सकाळी प्रेमिला आईला घेऊन दारात. आई अंजनाबाई, विधवा, विड्या वळतात. इंदोऱ्यात एका खोलीत दोघी राहतात. घरमालकाला तिथं गोदाम करायचंय, म्हणून त्यानं खोली खाली करून मागायचा दावा लावलाय. खुर्चीवर बसा म्हटलं तरी अंजनाबाई खालीच बसल्या. कागद पाहिले. डोळे मिटून जिंकू अशी केस. फी घेणार नाही म्हणालो, तर बाई रडायलाच लागल्या.
मुलगी रडली नाही. कपाटातली पुस्तकं बघत होती. घरी बाबासाहेबांचा कोटातला फोटो आहे म्हणाली, तसा कोट तिला शिवायचाय. दिवाणी कायद्याचं जुनं पुस्तक वाचायला दिलं. कळणार नाही, पण तेवढंच मन राहील.

२९ ऑगस्ट
तारीख १८ सप्टेंबर. एक झकास कल्पना सुचली. सत्तावीसच्या सत्तावीस पोरांना कोर्टात न्यायचं. खरी केस, खरा वकील. हेडमास्तर हो-ना करत होते, गळी उतरवलं.
पुस्तिका: पान तीन.

१८ सप्टेंबर
पोरं दहाला हजर. मी सव्वादहाला. आपला नंबर बारावा होता. अंजनाबाईंना बाहेर कडुनिंबाखाली बसवलं, मी बोलावल्याशिवाय हलू नका म्हणून बजावलं. हाताशी वेळ होता म्हणून पोरांना कॅन्टीनमध्ये घेऊन गेलो. विषय निघाला, वकिलानं वेळ कशी सांभाळावी. रंगलो. मध्येच प्रेमिला उठली, "सर, आपला पुकारा होऊन राहिला." म्हणालो, बोलणाऱ्याला मध्ये तोडणं हा वकिलीतला पहिला दोष. बस खाली. बसली. थोड्या वेळानं पुन्हा उठली. पुन्हा बसवलं. तिसऱ्यांदा न विचारताच पळाली.
ती पोचली तेव्हा जजसाहेब हुकूम सांगून मोकळे झाले होते. आमच्या बाजूनं कोणीच हजर नाही, सबब एकतर्फी निकाल. मी गेलो तेव्हा शिपाई पुढच्या केसचा पुकारा करत होता.
अंजनाबाई कडुनिंबाखाली तशाच बसलेल्या. मी सांगितलं होतं ना, हलू नका.

१९ सप्टेंबर
त्या शिपायाचा आवाजच बारीक. तक्रार करायला हवी.
काल अंजनाबाईंना सांगितलं की साहेब मालकाच्या बाजूचे आहेत, सगळं आधीच ठरलेलं होतं. आजारी माणसाला डॉक्टर सांगतो तसं, धीर देण्यासाठी. त्यांना पटलं. प्रेमिला बाजूलाच उभी होती. माझ्याकडे पाहत राहिली, बोलली काही नाही. शिस्त येतेय.

२८ सप्टेंबर, रविवार
प्रेमिला आली. पुस्तकात एका पानाला दोरा लावून आणला होता. "सर, तीस दिवसांत अर्ज केला तर एकतर्फी निकाल रद्द होते ना?" मी चकित. पोरीनं एकटीनं शोधून काढलं. म्हणालो, होतो, पण वकिलानं घाई करू नये. अजून वीस दिवस आहेत. असा अर्ज लिहितो की साहेब खुर्चीतून उठून उभे राहतील.
"साधाच लिहा ना सर," म्हणाली. लहान आहे अजून.

९ ऑक्टोबर
अर्जाची प्रस्तावना तयार. सुरुवात रोमन कायद्यापासून केलीय. सहा पानं झाली. कौशल्येनं वाचली आणि म्हणाली, "त्या बाईचं नाव कुठं आहे यात?" येईल की, सातव्या पानावर.

१८ ऑक्टोबर
टायपिस्ट सासुरवाडीला गेलाय. हातानं लिहिलेला अर्ज माझ्या नावाला शोभणार नाही. दसऱ्याच्या सुट्या मुदतीत धरत नाहीत, त्यामुळे काळजी नाही.

२३ ऑक्टोबर
धरतात.

२० नोव्हेंबर
उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज केला होता, आज सुनावणी. साहेबांनी विचारलं, उशिराचं कारण? मी टायपिस्टची सासुरवाडी सांगितली. कोर्टात हशा पिकला. अर्ज फेटाळला.
अपील करता येईल. बघू.

११ डिसेंबर
आज खोलीचा ताबा घ्यायला कोर्टाचा बेलिफ इंदोऱ्यात जाणार होता. मीही जाणार होतो, पण घसा बसला. थंडी फार आहे.
संध्याकाळी कळलं, कौशल्या मला न सांगता तिथं जाऊन आली. हातगाडीवर सामान बांधायला हात लावला तिनं. मुलीनं फोटो गाडीत ठेवू दिला नाही म्हणे, छातीशी धरून चालत गेली. कन्हानला मामाकडे गेल्या दोघी. जाताना तिनं माझं पुस्तक परत पाठवलं. कव्हर घातलेलं, कागद नवा.
कौशल्येला म्हणालो, मी आलो असतो तरी काय झालं असतं? ती म्हणाली, "काही नाही. आले असते, बस्." मग जेवलीच नाही.

२ जानेवारी १९७०
हेडमास्तर रस्त्यात भेटले. प्रेमिलाचं नाव शाळेतून काढलं. वर्गात पहिली होती, म्हणाले. मॅट्रिकला बोर्डात येईल अशी आशा होती. हे मला आधी कोणी सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर? माहीत नाही.
पुस्तिका: पान तीन.

१ फेब्रुवारी, रविवार
कन्हानला गेलो. बसमध्ये पक्कं ठरवलं होतं, अंजनाबाईंना खरं काय ते सांगून टाकायचं. साहेबांचा काही दोष नव्हता, मी कॅन्टीनमध्ये होतो. एवढंच. दोन वाक्यं.
मामाच्या घरामागे पत्र्याची खोली. मायलेकी सुपं मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. प्रेमिलाची बोटं आईपेक्षा भरभर चालतात. अंजनाबाई लगबगीनं उठल्या आणि माझ्या पाया पडायला वाकल्या. मी मागं सरलो. शेजारणींना बोलावून म्हणाल्या, "हे आमचे वकीलसाहेब. एक पैसा घेतला नाही यायनं. तो जजच विकलेला, त्याले हे तरी काय करतीन?" मी तोंड उघडलं. तेवढ्यात चहा आला. प्यालो.
नाही सांगितलं.
प्रेमिला बसस्टँडपर्यंत आली. मी बोलत सुटलो. मॅट्रिकला बाहेरून बसता येतं, फॉर्म मी आणतो, फी मी भरतो, कॉलेजचंही बघू. ती चालता चालता हाताला लागलेली तंबाखू पदराला पुसत होती. पदर. शाळेत फ्रॉक घालायची.
मग म्हणाली, "आईले मी काही सांगतलं नाही, सर."
मी विचारलं, "काहून?"
"तिले वाटते, आपल्या बाजूनं कोणीतरी उभं होतं. तेवढं राहू द्या."
पुढच्या रविवारी येतो म्हणालो.
"नका येत जाऊ," ती म्हणाली. रागानं नाही, अगदी सरळ. "तुमच्या चहासाठी आई शेजारून साखर आणते."
बस आली. खिडकीजवळ जागा मिळाली.