न विचारलेला प्रश्न

मोठ्या सिस्टर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वॉर्डात तुमच्या खुर्चीवर बसताना मी अजून जराशी कडेलाच बसते. शहाद्याकडच्या आपल्या त्या छोट्या दवाखान्यात मी नवी लागले, तेव्हा माझा हात हलका आहे, सुई टोचलेली कळत नाही, याचा मला फार अभिमान होता. ब्राह्मणपुरीची एक बाई कापूस वेचताना कंबर धरली म्हणून आली. दुखण्याचं इंजेक्शन मीच दिलं. ट्रे ठेवून वळले, तर तिचे ओठ सुजलेले, अंगभर गांध्या, श्वास शिट्टीसारखा वाजतोय. तुम्ही धावत आलात, तिच्या मांडीत ॲड्रेनलिन दिलंत, पाय उंच केलेत, डॉक्टरांना हाक मारलीत. ती सावरल्यावर मला बाजूला घेऊन एवढंच म्हणालात, “आधी कधी औषध बाधलं होतं का, विचारलं होतंस तिला?” मी म्हणाले, “हो. नाही म्हणाली ती.” मी विचारलं नव्हतं. बाहेर रांग मोठी होती, बाकी काही कारण नाही.

त्या संध्याकाळी तुम्ही मला क्वार्टरवर जेवायला नेलंत. आता बोलणी बसणार म्हणून मी घाबरलेली. तुम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापताय, मी खाली बसून मिरच्या कुटतेय, आणि तुम्ही मला बोलायला शिकवताय. “ॲलर्जी आहे का, असं विचारलंस तर सगळे नाही म्हणतील. तो शब्द आपला, त्यांचा नाही. ‘एखादी गोयी, एखादी सुई बाधनी व्हती का? आंग सुजनं व्हतं का?’ असं विचारायचं. मग कोणतं औषध, काय झालं, किती वेळाने, सगळं लिहायचं. नुसतं ‘ॲलर्जी’ लिहिलंस तर पुढच्या सिस्टरला काय कळणार?” मध्येच तव्याकडे बघायला सांगितलंत आणि माझ्याकडून एक भाकरी करपली, तेव्हा मात्र ओरडलात.

दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या केसपेपरवर लाल शाईने लिहिलंत, वेगळं कार्ड करून दिलंत. पण कागद घरात टिकत नाहीत हे तुम्हाला ठाऊक, म्हणून सुटी देण्याआधी औषधाचं नाव तिच्याकडून पाठ करून घेतलंत. ती ‘डायकोफेना’ म्हणायची, तुम्ही पुन्हा म्हणायला लावायचात, सगळा वॉर्ड हसायचा. शेजारच्या खाटेवरच्या आजींना तिच्याआधी पाठ झालं.

मागच्या महिन्यात ती बाई पुन्हा आली. केस पांढरे, मनगट मोडलेलं, सोबत सून. कार्ड केव्हाच हरवलेलं. आमची नवी सिस्टर जवळ जाऊन काही विचारणार, तेवढ्यात तीच बोलली, “थांब माय. डायक्लोफेनॅक देऊ नको. मन्हा जीव जाई.” एक अक्षर चुकलं नाही. नव्या पोरीने शेजारी बसून सगळं विचारलं, लिहून घेतलं, डॉक्टरांना सांगून दुसरं औषध दिलं.

प्लास्टर झाल्यावर मी तिच्याजवळ बसले आणि सांगून टाकलं, की ती सुई मी दिली होती, न विचारता. ती हसली. “मले ठाऊक शे ना. त्याच दुपारले मी मोठी सिस्टरले सांगं, मले कोनी काय इचारं नही. मागला सालले बी आंग सुजनं व्हतं मन्हं.”

“मग त्या काय म्हणाल्या?”

“बोलनी, पोर नवी शे, शिकी जाई.”

म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला जेवायला बोलावलंत ते सगळं माहीत असूनच. नंतर पंधरा वर्षं आपण एकत्र काम केलं, आणि एकदाही, रागाच्या भरातसुद्धा, तुम्ही ते काढलं नाहीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून लिहिता येतंय. तुम्ही गेलात त्या दिवशी मी इतकी रडले की लोकांनी मला सावरलं. त्या रडण्यात थोडी सुटकाही होती, सिस्टर. आता तुम्हाला ते कधीच कळणार नाही, अशी.