चिमणीचा खोका, साळुंकीचा संसार

१ मार्च, सकाळी ९
दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी चादरी पिळून दोरीवर टाकत होते आणि हे बाल्कनीत बसून लाकडी खोक्याला भोक पाडत होते. एवढंसं, बाटलीच्या झाकणाएवढं. मी म्हटलं, जरा मोठं करा, कोंदट होईल. हे म्हणाले, "घर चिमणीचं आहे, तुझं नाही." पुढच्या महिन्यात हे गेले. दोन वर्षं खोका रिकामा होता. यंदा चिमणी अंड्यांवर बसलीय. निश्चय : ह्यांच्या खोक्यातून पिल्लं उडालेली बघायचीच.

५ मार्च
दोन साळुंक्या आल्या. पिवळे डोळे, चाल मुकादमाची. लायब्ररीतून पक्ष्यांचं पुस्तक आणलं. 'सहजीवन' हे प्रकरण दोनदा वाचलं. 'स्पर्धा' सोडून दिलं. आपल्या बाल्कनीत तसलं काही नाही.

६ मार्च
वेळापत्रक. चिमण्यांना दाणे सातला, साळुंक्यांना साडेसातला.

७ मार्च
साळुंक्या सातलाच आल्या. सगळं खाल्लं. नवीन आहेत, शिकतील.

१२ मार्च
पिल्लं झाली! आतून बारीक चिवचिव. शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, "काकू, त्या साळुंक्यांना हाकला. त्यांचा डोळा खोक्यावर आहे." मी वेळापत्रक समजावलं. "पाखरं वाचतात होय!" म्हणाल्या आणि ड्यूटीला गेल्या. माणूस शिकलेला असला तरी वाचत नाही, हेच खरं.

१५ मार्च, दुपारी
चिमणी आत शिरताना अंग घासतं. जीव तुटतो. ह्यांचा हात सगळ्यातच आखडता. ह्यांच्या पेटीतून कानस काढली. दोन तास भोक घासलं, आता पेल्याच्या तोंडाएवढं आहे. आत पिल्लं सारखी ओरडत होती. मोकळी हवा पहिल्यांदाच मिळाली ना.

चिमणी संध्याकाळपर्यंत आत गेली नाही. संकोच.

१६ मार्च
साळुंकी भोकातून डोकावली. बाळंतिणीला भेटायला आल्यासारखी. डोळे भरून आले. हे हवे होते.

१७ मार्च, सकाळी ७.१०
फरशीवर तीन पिल्लं. दोन गार. एक जिवंत, चोच उघडी. चमच्याने उचलून खोक्यात ठेवलं. पाव तासाने पुन्हा खाली. मग नाही हललं.

वर साळुंकी चोचीत काडी घेऊन उभी होती.

संध्याकाळी
पिल्लं मुळात अशक्त असणार. निसर्ग निवड करतो, असं पुस्तकात आहेच. नर्सबाईंना हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "काकू, दार तुम्ही मोठं केलंत." मी आत आले.

१८ मार्च
लेकीचा फोन. सांगणार नव्हते, सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबांनी तीन खोके फुकट घालवले होते गं, भोक मोठं पडलं म्हणून. साळुंकी शिरू नये म्हणून ते माप होतं. मला कागदावर काढून दाखवलं होतं." मी विचारलं, मला का नाही दाखवलं? म्हणाली, "तू ऐकतेस का कुणाचं?"

'स्पर्धा' वाचलं. नऊच पानं आहेत.

२२ मार्च
चिमणी दोरीवर येऊन बसते. चोचीत अळी असते. थोडा वेळ बसते आणि अळी घेऊन जाते.

२६ मार्च
चिमणी आली नाही. साळुंकीबद्दल माझ्या मनात काही नाही. तिचाही संसार आहे. पिल्लं ती पिल्लं, कुणाची का असेनात. निश्चय : साळुंकीची उडालेली बघायची. तीही ह्यांच्याच खोक्यातली.

४ एप्रिल
साळुंकी चार दिवस आत बसून आहे. दाणे घालते. तिच्याशी बोलतेसुद्धा. आपलं छान जमतंय. नर्सबाईंनी विचारलं, "काय काकू, मैत्री झाली?" मी हो म्हटलं. एकमेकांना सांभाळून राहायचं, दुसरं काय.

६ एप्रिल
काल सकाळी साळुंकी बाहेर गेल्यावर मी स्टुलावर चढले आणि भोकात हात घातला. आता जातो. आत चार निळी अंडी होती, ऊबदार. एकेक काढून कठड्यावरून खाली टाकली.