बावीस वर्षांचा आवाज

३ मार्च, सोनपेठ

आजी. आजीचा रोल दिला मला.

सकाळी पुण्याहून पल्लवीचा फोन. "आई, तुझा आवाज पास झाला." तवा तसाच सोडून फोन घेतला, पोळी करपली. कोरियन मालिका हाय, एका ॲपसाठी मराठीत करायलेत. पल्लवी त्या डबिंगच्या स्टुडिओत ऑफिसचं काम बघते. मागं दिवाळीला आली तेव्हा माझा आवाज मोबाइलवर भरून घेतला होता, तोच तिनं तिथं ऐकवला. मी विचारलं, कुणाला आवाज द्यायचा, हिरोइनीला का? पोरगी आधी खाकरली. मग म्हणाली, "हिरोइनीच्या आजीला. लय भारी आजी हाय आई, सगळ्यांना झापते."

मी त्रेपन्न. गॅसवाला अजून फोनवर म्हणतो, बेटा, मम्मीला फोन दे. आणि पुण्यात मी पंच्याहत्तरची.

आमच्या ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "चांगलं झालं. झापायची सवय हायच तुला."

हो म्हणून कळवलं. रुसून बसले तरी समजूत काढायला कोण येणार हाय.

६ मार्च

कपड्यांचं मोठं कपाट रिकामं केलं. आत स्टूल, तिन्ही बाजूंनी गोधड्या टांगल्या, मधे माईक. माईक लेकीनं, प.नं पाठवला. लॅपटॉप मांडीवर. चित्र बघायचं, कानात कोरियन ऐकायचं आणि कोरियन आजीच्या ओठांना आपलं मराठी बसवायचं.

भिंतीपलीकडं शमीमभाभीची पिठाची गिरणी. ती चालू असली की कपाटसुद्धा हलतं. लाईट गेली की गिरणी बंद, कूलर बंद, मोटारी बंद, सगळं सोनपेठ गपगार. मग मी कपाटात. अख्खं गाव लोडशेडिंगला शिव्या घालायलंय आणि मी घड्याळ बघत वाट पाहायलेय. उकाडा असा की कागदावर घाम पडून शाई पसरली.

निखिल म्हणून डबिंगचा डायरेक्टर हाय, तिशीचाही नसेल. पहिल्या फोनवर "ताई" म्हणाला. पल्लवीची आई म्हटल्यावर लगेच "काकू". आज म्हणतो, "काकू, जरा थरथरत बोला ना. म्हातारं वाटत नाहीये."

माझी आई अठ्ठ्याहत्तरीत गेली. अंगणातून हाक मारली तर गल्लीच्या टोकाला माणूस थांबायचा. तिचा आवाज कधी थरथरला न्हाई. पण निखिलला म्हातारपण म्हणजे थरथर. थरथरले बापा.

एका ठिकाणी तोंडातून "कुठं जायलीस?" निघून गेलं. मला वाटलं परत करायला लावतो. तर म्हणे, "हे परभणीचं झालं काकू, पण राहू द्या, आजीला शोभतं." आजीला शोभतं. म्हणजे आपली बोली म्हातारीच्याच तोंडी बरी. राग आला, बोलले मात्र न्हाई.

९ मार्च

प.नं सगळ्यांची वयं शोधून पाठवली. हिरोइन गोष्टीत बावीसची, खरी एकोणचाळीस. आजी अठ्ठेचाळीस. माझ्याहून लहान बाई पांढरा विग घालून बसलीय आणि मी तिच्या तोंडात थरथरायलेय. हिरोची आई हिरोपेक्षा सहा वर्षांनी मोठी. सहा वर्षांची असताना बाळंत झाली म्हणायची.

दळण घेऊन गेले तेव्हा शमीमभाभीला सांगितलं. तिचा जीव ह्या मालिकांवर. गिरणी चालू, कानात वायर, मोबाइलवर कोरियन. म्हणाली, "बाजी, अपने में क्या अलग हय? परसाल जो हिरोइन थी, इस साल सास बनको बैठी. मरद को कुछ होता नै." खरंच हाय. बाप्या पंचेचाळिशीचा झाला तरी कॉलेजात जातो. बाईला चाळीस लागले की हातात आरतीचं ताट देतात.

तरी एकोणचाळीसची ती बाई बावीसची होऊन उभी हाय, कुणीतरी तिला उभं राहू दिलं, ह्याचं मला बरं वाटलं. तिचं काम बघत बसले. आजीचं राहिलं बाजूला.

१४ मार्च

आज घोळ झाला.

आजी सगळं नातीशी बोलते. समोरून मराठीत कुणी बोलल्याशिवाय मला उत्तर देता येत न्हाई, रेडिओवर काम करायचे तेव्हापासूनची खोड. म्हणून नातीची वाक्यं मीच दुसऱ्या ट्रॅकवर बोलून ठेवते, ती कानात लावते, मग आजी होऊन उत्तर देते. फाईल पाठवताना नातीचा ट्रॅक बंद करायचा. आज लॅपटॉपची बॅटरी संपायच्या आत पाठवायची घाई, बंद करायचा राहिला. दोघीही गेल्या.

संध्याकाळी निखिलचा फोन. आता झापणार, म्हणून आधीच सॉरी म्हटलं. तर हा विचारतो, "काकू, ती मुलगी कोण? शेजारची आहे का? नंबर द्या ना तिचा."

"मुलगी न्हाई बाबा. मीच हाय."

पलीकडून "आँ?" आलं. मग "एक मिनिट हं काकू," म्हणून फोन ठेवला. ते एक मिनिट अजून चालूच हाय.

रेडिओवर परभणीला मुलांच्या कार्यक्रमात मी "ताई" होते. चव्वेचाळीसची झाले तरी पोरं पत्रात लिहायची, ताई, तू कितवीत आहेस? कुणाला माझं तोंड दिसत नव्हतं, म्हणून कुणी वय विचारलं न्हाई. मग तो कार्यक्रम बंद झाला. तेव्हापासून हा आवाज भाजीवाल्यासाठी आणि ह्यांना चहाला उठवण्यासाठी.

मला ती पोरगी पाहिजे. इथं लिहून ठेवते, दुसरीकडं म्हणायची हिंमत न्हाई. आजी नको असं न्हाई, पण ती पोरगी मला पाहिजे.

१६ मार्च

फोन आला. हिरोइनीसाठी पुण्यातली एक मुलगी ठरली होती, चोवीस वर्षांची. ॲपवाल्यांना तिचा आवाज कार्टूनसारखा वाटला. निखिल दुसरा आवाज शोधायलाय. "काकू, आठव्या भागातला एक सीन पाठवतो, करून द्या. नाव-वय न सांगता ऐकवतो त्यांना."

सीन असा. पोरगी नोकरीच्या मुलाखतीत नापास होऊन घरी येते. आजी जेवायला वाढते, विचारते, काय झालं? पोरगी हसत सांगते, झालं आजी, लागली नोकरी. आजी खुश होऊन आणखी वाढते. बस्स, इतकंच. पण काय सीन हाय.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "मिळालं तर सांग, आत्ताच नाचू नको." मी नाचत नव्हते. पाय हलत असतील.

१८ मार्च

जमेना. आवाज उंच केला, गोड केला, मधे मधे फिसकन हसले. निखिल म्हणाला, "छान आहे काकू, पण चिमणी वाटतेय." दुपारभर तोंड पाडून बसले. भाजीत मीठ पडलं न्हाई. हे वरून मीठ घेऊन जेवले.

१९ मार्च

कोरियन आवाज नुसता ऐकला, चित्र झाकून. कळलं. ती बाई बावीसची व्हायला बघतच न्हाई. बाविशीतली पोरगी आधी बोलून मोकळी होते, दम नंतर खाते. ही आधी दम घेते, मग "लागली नोकरी" म्हणते. तो दम एकोणचाळीसचा हाय. नापास होऊन घरी येणं तिला पाठ हाय, आणि तिनं ते लपवलं न्हाई.

मग मीही वय सोडून दिलं. लग्न होऊन इथं आले तेव्हाचं आठवलं. बसस्टँडजवळच्या एसटीडी बूथवरून आईला फोन करायचे, "सगळं चांगलं हाय आई, लय मजेत हाय." बाहेर रांग लागलेली आणि मी हसत बोलायलेय. तेवढंच घेतलं. पट्टी आपली नेहमीची, दम माझा.

नेमकी आज लाईट जाईना. शमीमभाभीकडं गेले, गिऱ्हाइकांचे डबे दारापर्यंत. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि गिरणीचा खटका पाडला. लोकांना म्हणाली, "ठैरो जरा. बाजी का काम हय." एका टेकमध्ये झालं. कपाटातून बाहेर आले तर डोळे भरलेले होते, माझेच.

२२ मार्च

पास. पास. पास.

ॲपवाले म्हणाले, असा फ्रेश आवाज पाहिजे होता. त्रेपन्न वर्षांचा फ्रेश. हे सायकल काढून जिलबी घेऊन आले. मी म्हटलं, आत्ताच नाचू नको म्हणत होतात ना? म्हणाले, "मी कुठं नाचायलोय, खायलोय." शमीमभाभीला जिलबी नेऊन दिली. तिनं आधी हात धुतले, मग माझे दोन्ही गाल ओढले.

संध्याकाळी निखिलचा परत फोन. एक अडचण हाय. मालिकेच्या जाहिरातीसाठी "मराठी आवाजामागचा चेहरा" म्हणून छोटा व्हिडिओ पाहिजे. ॲपवाल्यांना वाटतंय आवाज विशीतल्या पोरीचा हाय. निखिल चाचरत म्हणाला, "पल्लवीनं नुसते ओठ हलवले तर? आवाज तुमचाच राहील काकू. नाव मात्र तिचं टाकावं लागेल."

जिलबी कडू लागली.

२३ मार्च

प. तयारच. "आई, मला काय, दोन मिनिटांचं काम. रोल तर तुला मिळंल." लगेच करूनही पाठवलं. माझी लेक, तिचे मोकळे केस, तिच्या तोंडात माझा आवाज. ओठ इतके चोख जुळले की बघत राहिले. चांगली दिसते पोरगी. वाईट तिनं काही केलं न्हाई, माझ्याचसाठी केलं.

ह्यांनी दोनदा पाहिलं. चष्मा पुसून परत पाहिलं. म्हणाले, "आता तुलाच डब केलं की."

शमीमभाभी म्हणाली, "बाजी, तुमारा मूँ किधर हय इस में?"

रोल जाईल ही भीती हाय. नऊ वर्षांनी काही मिळालं आणि तेही लेकीच्या तोंडानं. पण ती कोरियातली बाई स्वतःचं तोंड घेऊन सगळ्यांसमोर बावीसची झाली. माझं तर तोंड लागतही न्हाई, आणि मीच लपू?

२५ मार्च

निखिलला सांगितलं, प.चा व्हिडिओ द्यायचा न्हाई, माझा देते. तो म्हणाला, "काकू, रिस्क आहे. वय कळलं तर नाही म्हणतील." "म्हणू दे की," म्हटलं. बोलले ऐटीत, पण लगेच प.ला फोन लावला.

प. आधी रागावली, मग म्हणाली, "निळी साडी नेस, त्यात तू चांगली दिसतेस."

दुपारी व्हिडिओ काढला. कपाटाचं दार उघडं, मागं गोधड्या, डोळ्याला चष्मा, भांगात पांढरं. मोबाइल ह्यांनी धरला. हलवू नका म्हटलं की जास्तच हलवायचे. मी म्हणाले, "मी सुनंदा, सोनपेठहून. वय त्रेपन्न. ही पोरगी गोष्टीत बावीसची हाय, ती करणारी एकोणचाळीसची, आणि बोलायलेय मी. तिची आजीसुद्धा मीच." मग एक वाक्य आजीचं, एक नातीचं. आजी ह्या वेळी थरथरली न्हाई.

"हाय" आणि "बोलायलेय" तसंच ठेवलं. नात काय, आजी काय, आपल्याकडच्या बाया असंच बोलतात.

पाठवून दिलं. ह्यांनी मोबाइल परत देताना म्हटलं, "बावीसची असताना तू अशीच होतीस." आणि बाहेर निघून गेले. लग्नाला एवढी वर्षं झाली, असलं पहिल्यांदा बोलले.

२८ मार्च

काही न्हाई. फोन न्हाई, मेसेज न्हाई. आजीचे उरलेले सीन कालच करून पाठवले. ह्यांच्यावर उगाच दोनदा खेकसले. ते म्हणाले, झापायची सवय हायच. त्यावर आणखी खेकसले.

लाईट चार वेळा गेली आणि मला कपाटात काही कामच नव्हतं.

३१ मार्च

सकाळी निखिल. ॲपवाल्यांत दोन मतं पडलीत. एक बाई हाय तिथं, तिला व्हिडिओ लय आवडला, हाच लावू म्हणते. वरचे साहेब म्हणतात चेहरा आवाजाला जुळत न्हाई. बैठक पुढच्या आठवड्यात.

मी म्हटलं, बरं.

"बरं नाही काकू," तो म्हणाला. "तोवर मी थांबणार नाहीये. नववा भाग पाठवतो. दोघींचं करून ठेवा. त्यांना करायचं ते करू देत, माझ्याकडून नात तुम्हीच." वर म्हणाला, "आणि आजीला थरथर नको. तुमच्या व्हिडिओतली चांगली होती."

पोराला कळायला लागलंय. त्यांचं काय ठरंल ते ठरंल. साहेब न्हाई म्हणतील, मला रडू येईल, हे दोन्ही दिसायलंय समोर. पण आज कागद माझ्या हातात हायत.

दुपारी लाईट गेली. कपाटात बसले, दार ओढून घेतलं. वरचं पान आजीचं होतं, ते काढून खाली ठेवलं. आज आधी नात.