घरचा नंबर

अहो,

दिवेलागणीपर्यंत माझं मौन आहे, म्हणून लिहून ठेवते. मी आत जपाला बसलेय. घरच्या फोनचा रिसीव्हर मेजावर काढून ठेवलाय, तो जागेवर ठेवू नका. फोन कंपनीची लाइन चालू आहे.

तुम्ही बंद करायला सांगितलेला नंबर आज तुटणार. तो राहू द्या म्हणून सकाळपासून विनवत होते. हा त्याच्याकडे पाठवतो, तो तिच्याकडे, आणि मधे ते एकच मंद संगीत. ऐकता ऐकता डोळा लागला. वाटलं, घरात कुणीतरी अनवाणी फिरतंय. शेवटी एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काकू, फोन काकांच्या नावावर आहे, त्यांनाच सांगावं लागेल. थांबा हं, साहेबांना जोडते." तेवढ्यात माझ्या मौनाची वेळ झाली.

मोबाईल असताना हा कशाला, असं साहेब विचारतील. तुम्हीही विचारलंत. पण धाकटी घर सोडून गेली ती स्वतःचा मोबाईल इथेच टाकून. आपल्या घरचा हा एकच नंबर तिला पाठ आहे, शाळेत जायच्या आधीपासून.

रागवायचं तर माझ्यावर रागवा, आज उलट उत्तर मिळणार नाही. पण संगीत थांबलं की "चालू ठेवा" एवढं म्हणा. तिचं नाव नाही घेतलंत तरी चालेल.