चाकांवरच्या घराला छप्पर

सौ. विजयमाला,

तुला आणायला एसटी स्टँडवर गेलो आहे. चुकामूक झालीच, तर किल्ली शेजारच्या मीनाबाईंकडे आहे.

"आधी तुमच्या त्या चाकांवरच्या घराला छप्पर करा, मग गोकर्णाला न्या," असं बजावून तू लेकीच्या बाळंतपणाला गेलीस. अंगणात पत्र्याची शेड झाली आहे. आपला राहायचा ट्रेलर आत ठेवूनच चारी बाजूंनी खांब रोवून घेतले. "साहेब, ह्यो भाईर कसा निघायचा?" असं हरिदास गवंडी विचारत होता, त्याला मीच गप्प केलं. आता ट्रेलर चोराला नेता येणार नाही, आणि आपल्यालाही. पुढचे खांब उद्या काढू.

संध्याकाळचा चहा मी ट्रेलरमध्येच घेतो. कप सवयीने दोन निघतात.

शेड बघून हसू येईल, ते मी येईपर्यंत आवर. तीन महिने ऐकलेलं नाही.

ईश्वर