माळढोकाचं चित्र

मंगळवार, संध्याकाळ. कात्रज.

वाळवंटातला माळढोक विजेच्या तारांना धडकून मरतो, हे लोकांना कळावं म्हणून वर्षभर रंगवलेलं चित्र बघायला आज एक जोडपं घरी आलं.

बाई म्हणाल्या, "पक्षी गोड आहे हो. तारा तेवढ्या काढून टाका, हॉलमध्ये बऱ्या दिसणार नाहीत."

"तारांमुळेच तो मरतो," मी म्हटलं.

"कळलं. पण आम्ही रोज कशाला बघायचं ते?"

काय झालं मला? कुंचला उचलला आणि त्यांच्यासमोर पक्ष्यावर वाळूचा रंग फासला. तारा तशाच ठेवल्या. वाटलं, आता तरी शरमतील.

बाई जरा मागे सरकून बघत राहिल्या. "छान! आता कसं मोकळं वाटतं. तारा राहू देत."

आणि मी ते चित्र त्यांना बांधून दिलं.